माळ्यावर चढायची दुमडती शिडी: मापापासून पहिल्या चढणीपर्यंत

मी केलेली पहिली दुमडती शिडी दिसायला छान होती. पायऱ्या एका रेषेत, लाकूड गुळगुळीत, उघडताना-मिटताना कुठे अडकत नव्हती. पण पाचव्या पायरीवर पाय ठेवला की मधला सांधा खाली बसायचा आणि शिडीचे बूड फरशीवर हळूच सरकायचे. दोन दिवस मी स्क्रू घट्ट करत राहिलो, मग जास्त लांब स्क्रू घातले, मग जाड बिजागऱ्या आणल्या. दोष यातल्या कशातच नव्हता. बिजागऱ्या मी चुकीच्या बाजूला लावल्या होत्या.

दुमडती शिडी करायची तर ही एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसायला हवी, म्हणून मापांच्याही आधी तीच सांगतो.

सांधा कोणत्या बाजूला उघडायचा

एक लाकडी फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा आणि मधोमध बोटाने दाबा. पट्टी खाली वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. तिरक्या शिडीवर माणूस उभा राहिला की नेमके हेच घडते. चढताना छातीसमोर येते ती शिडीची पुढची बाजू, तिच्यावर दाब येतो. मागची बाजू, म्हणजे शिडीची पाठ, ताणली जाते.

आता मधोमध कापून सांधा केला, तर वाकताना सांध्याची पाठ उघडू पाहणार आणि पुढची बाजू मिटू पाहणार. म्हणून बिजागरी पाठीवर हवी. ती ताण धरून ठेवते आणि पुढे दोन्ही तुकड्यांची कापलेली तोंडे एकमेकांवर घट्ट टेकतात. माणूस जितका जड तितका सांधा जास्त घट्ट. वजन लाकूड लाकडावर टेकून पेलते, बिजागरी फक्त त्यांना एकत्र धरते. अशी शिडी पाठीला पाठ लावून दुमडते.

बिजागरी पुढे लावली तर उलटे होते. शिडी पोटाकडे दुमडते आणि माणसाचे वजनही तिला त्याच दिशेने दुमडू पाहते. मग सगळा भार स्क्रूंवर येतो. माझ्या पहिल्या शिडीत हेच झाले होते.

तयार मिळणाऱ्या, छताच्या झडपेला जोडलेल्या तीन घड्यांच्या शिड्यांमध्ये वरचा सांधा पोटाकडेच दुमडतो, कारण घड्या झडपेवर एकावर एक बसवायच्या असतात. तिथे तो चालतो, कारण झडपेच्या दोन्ही बाजूंना असलेले लोखंडी हात झडपेला ठरावीक कोनाच्या खाली जाऊ देत नाहीत. ते हात आणि ताणलेल्या स्प्रिंगा यांचा मेळ हा कारखान्यात बसवायचा भाग आहे. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकतो. अशी शिडी हवी असेल तर तयार घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरी करायची ती साधी: दोन तुकडे, एक सांधा, वर माळ्याच्या कडेला बसवलेल्या पाइपावर अडकणारे हुक, आणि काम झाले की दुमडून भिंतीवरच्या खुंट्यांवर. पुढे तीच करून दाखवतो.

उंची, अंतर, लांबी

पहिले माप खालच्या फरशीपासून माळ्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे. छताच्या खालच्या बाजूपर्यंतचे नव्हे. छताची जाडी विसरली की शिडी आखूड पडते, आणि आखूड शिडीला इलाज नाही. हे माप माळ्याच्या तोंडाच्या दोन्ही कडांपाशी घ्या, कारण फरशी क्वचितच अगदी सपाट असते.

उदाहरणासाठी उंची २७० सेंमी धरू.

भिंतीला टेकवायच्या साध्या शिडीसाठी सर्वत्र चार-एकचा नियम सांगतात: चार भाग उंची, एक भाग अंतर. तो कोन सुमारे ७५ अंशांचा होतो. माळ्यावर मात्र माणूस रिकाम्या हाताने कमीच चढतो आणि आपल्या शिडीला गोल दांड्यांऐवजी सपाट पायऱ्या आहेत, म्हणून ती थोडी कलती ठेवावी. शिडीचे बूड वरच्या कडेच्या ओळंब्यापासून, म्हणजे कडेवरून वजन बांधून सोडलेल्या दोरीच्या सरळ रेषेपासून, १०० सेंमी पुढे घेतले तर कोन जवळजवळ ७० अंशांचा होतो. त्याहून आडवी केली तर दोन्ही बाजूंच्या उभ्या दांड्यांवरचा वाकवणारा भार वाढतो आणि खोलीतली जागाही जाते.

लांबी काढायला त्रिकोणमिती लागत नाही. २७० चा वर्ग अधिक १०० चा वर्ग, त्याचे वर्गमूळ २८८. म्हणजे शिडी २८८ सेंमी.

पायऱ्यांमधले उभे अंतर २५ ते ३० सेंमी असले की पाय न बघताही पुढची पायरी सापडते. २७० चे दहा समान भाग केले की प्रत्येक २७ सेंमीचा. दहावी पायरी म्हणजे माळाच, म्हणून शिडीला ९ पायऱ्या. दांड्याच्या तिरक्या लांबीवर मोजले तर दोन पायऱ्यांमधले अंतर २८.८ सेंमी. सगळी अंतरे सारखी हवीत, शेवटचेही. उतरताना एखादी पायरी जरी चार सेंमी जास्त खोल निघाली तरी पाय हवेत जातो.

तुमची उंची वेगळी असेल तर प्रमाण तेच ठेवा: उंचीला २.७ ने भागले की बुडाचे अंतर, १.०६६ ने गुणले की लांबी. उंची २४० असेल तर ९ भाग, ८ पायऱ्या, लांबी २५६, अंतर ८९. उंची ३०० असेल तर ११ भाग, १० पायऱ्या, लांबी ३२०, अंतर १११. तीन मीटरच्या वर मी ही शिडी सुचवणार नाही. ती एकट्याने उचलून अडकवणे अवघड होते आणि सांध्यावरचा भारही फार वाढतो.

माळ्याच्या तोंडाची, म्हणजे छतातल्या उघड्या जागेची, लांबी पुरेशी आहे का, तेही आताच पाहा. चढताना माणूस शिडीच्या पुढे असतो, त्याची पाठ आणि डोके तोंडाच्या समोरच्या कडेला लागता कामा नये. शिडीच्या दिशेने ७५ सेंमी मोकळीक असली तर सडपातळ माणूस जातो, ९० असली तर हातात खोके धरूनही जाता येते. तोंड मोठे करायची वेळ आली तर एक गोष्ट काटेकोरपणे पाळा: छताचा वासा किंवा तुळई स्वतःच्या अंदाजाने कापू नका, स्लॅबमधली सळई तर नाहीच. त्यासाठी बांधकामाचा जाणकार बोलवा. त्या भागातून विजेची तार जाते का, हेही आधी पाहून घ्या.

सांधा कुठे घ्यायचा

मनात पहिला विचार येतो तो अगदी मधोमध, १४४ सेंमीवर कापायचा. पण आपल्या उदाहरणात बुडापासून पाचवी पायरी नेमकी १४४ वरच बसते. पायरी दांड्यात बसते त्या खाचेतून सांधा काढणे म्हणजे सगळ्यात कमकुवत जागी आणखी एक कमकुवत जागा. पायऱ्या विषम असल्या की ही अडचण येते, सम असल्या की मध्य आपोआप दोन पायऱ्यांच्या मधोमध पडतो.

म्हणून सांधा चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मधोमध घ्यायचा, बुडापासून १२९.६ सेंमीवर. खालचा तुकडा १२९.६, वरचा १५८.४. दुमडल्यावर लांबी १५८ सेंमी आणि जाडी सुमारे २० सेंमी. दाराच्या मागे किंवा कपाटाच्या बाजूला सहज मावते.

लाकूड

उभ्या दांड्यांसाठी रंधा मारून तयार झालेले माप १०० × ३० मिमी, पायऱ्यांसाठी ९० × २८ मिमी. ही मापे उगाच निवडलेली नाहीत. ७० अंशांत कललेल्या १०० मिमी रुंद दांड्यात ९० × २८ ची आडवी पायरी ठेवली की ती सुमारे ९४ मिमी जागा घेते, म्हणजे दोन्ही कडांपासून तीन-तीन मिमी आत राहते. पायरी पाठीमागे बाहेर आली असती तर शिडी पाठीला पाठ लावून मिटलीच नसती.

लाकूड कोणते यापेक्षा त्याच्या रेषा कशा आहेत हे जास्त महत्त्वाचे. दांडा उभा धरून बाजूने पाहा. रेषा दांड्याला समांतर चालल्या पाहिजेत. एक मीटर लांबीत रेषा आठ सेंमीपेक्षा जास्त सरकत कडेबाहेर जात असेल तर तो दांडा शिडीला घेऊ नका, तो तिरका फाटतो आणि फाटण्याआधी आवाजही देत नाही. कडेवरची गाठ, विशेषतः पाठीच्या कडेवरची, चालणार नाही. पायऱ्यांत तर एकही गाठ नको. लाकूड वाळलेले हवे. ओले लाकूड आक्रसले की खाचांत पायऱ्या सैल होतात. प्लायवूडच्या पायऱ्या चालतील का असे विचारतात. चांगल्या प्रतीचे, पुरेसे जाड प्लायवूड मोडणार नाही, पण कडा झिजतात आणि त्यात घुसलेले स्क्रू तितके धरत नाहीत. मी सलग लाकूडच घेतो.

दोन दांडे ३ मीटरचे घ्या, जास्तीचे दहा-बारा सेंमी शेवटी कापायला उपयोगी पडतात. दांड्यांमधली मोकळी रुंदी ३६ सेंमी धरली तर पायरीची लांबी ३८, कारण दोन्ही बाजूंना एकेक सेंमी खाचेत जाणार.

एकच त्रिकोण

आता या कामातली मला सगळ्यात आवडणारी पायरी. पातळ प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा एक काटकोन त्रिकोण कापा: एक बाजू २७ सेंमी, दुसरी १०. तिसरी, तिरकी बाजू आपोआप २८.८ येते. म्हणजे हीच बाजू दोन पायऱ्यांमधले अंतर आहे आणि १० सेंमीची बाजू पायरीचा कोन आहे. जिन्याच्या कामात सुतार असाच फर्मा वापरतात. तिरकी बाजू दांड्याच्या कडेला लावायची आणि १० च्या बाजूने रेघ मारायची. कोनमापक लागत नाही.

फक्त अंतरे फर्मा सरकवत सरकवत मोजू नका. दर वेळी अर्धा मिलिमीटर चुकला तर नऊ पायऱ्यांत तो साडेचार होतो. टेप एकदाच पसरा आणि २८.८, ५७.६, ८६.४, ११५.२, १४४, १७२.८, २०१.६, २३०.४, २५९.२ अशा खुणा एका दमात करा. फर्मा फक्त कोनासाठी. प्रत्येक खूण ही पायरीच्या वरच्या पृष्ठभागाची रेघ आहे, जाडी तिच्या खाली जाते. बुडाकडे पाचेक सेंमी जास्तीचे लाकूड सोडून मगच शून्य धरा.

दोन्ही दांडे पुस्तकाच्या उघड्या पानांसारखे शेजारी ठेवूनच आखणी करा, म्हणजे एकाच्या रेघा दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या पडतील. एकेक दांडा वेगळा आखला की हमखास दोन डावे दांडे तयार होतात. आखून झाल्यावर प्रत्येक दांड्यावर ठळक लिहा: डावा, उजवा, वर, खाली, पुढे, पाठ.

खाचा आणि जोडणी

खाच १० मिमी खोल. त्याहून खोल घेतली तर ३० मिमीच्या दांड्यात पुरेसे लाकूड उरत नाही. दोन्ही रेघांवर करवतीने काप घ्या आणि मधले पटाशीने काढा. तळ सपाट होतो की नाही ते लाकडाचा सरळ तुकडा घालून तपासा. पायरी खाचेत हलक्या हातोडीने ठोकत बसली पाहिजे. हाताने सहज सरकली तर खाच मोठी झाली, आणि ती फट गोंदाने भरून काढता येत नाही. खाच आधी थोडी लहान कापून पायरी रंध्याने जमवणे सोपे.

माणसाचे वजन खाचेच्या तळकाठावर टेकलेली पायरी पेलते. बाहेरून मारलेले स्क्रू पायरीच्या टोकात, म्हणजे लाकडाच्या रेषांना समांतर जातात, आणि तिथे त्यांची पकड कमी असते. म्हणून दांडे एकमेकांपासून फाकू नयेत यासाठी वेगळी सोय हवी: ८ मिमीची, आटे पाडलेली लोखंडी सळई, पहिल्या, चौथ्या, पाचव्या आणि नवव्या पायरीच्या लगेच खाली, दोन्ही दांड्यांतून आरपार, बाहेरून मोठा वॉशर आणि नट. चौथी आणि पाचवी यासाठी की त्यांच्यामध्ये सांधा येणार आहे.

गोंद न लावता एकदा पूर्ण शिडी जुळवून पाहा. कर्ण मोजा: वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि उलट. दोन्ही सारखे आले तर शिडी काटकोनात आहे. मग गोंद, क्लॅम्प, सळयांचे नट, आणि प्रत्येक टोकाला दोन स्क्रू. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसा. एक दिवस तिला हात लावू नका.

लक्षात आले असेल, अजून सांधा केलेलाच नाही. शिडी आधी सलग करायची, मग कापायची. दोन तुकडे वेगवेगळे करून नंतर जोडायला गेलात तर चारही तोंडे एकमेकांवर पूर्ण टेकणे फार कठीण. सलग शिडी कापली की डाव्या आणि उजव्या दांड्यांची तोंडे आपोआप एकमेकांच्या मापाची निघतात.

कापणे आणि बिजागरी

सांध्याची रेघ गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लावून दांड्याच्या चारही बाजूंनी फिरवा. ती दांड्याला काटकोनात हवी, पायऱ्यांसारखी तिरकी नको. बारीक दात्यांच्या करवतीने सावकाश कापा. करवत दोनेक मिमी लाकूड खाते, त्याने बिघडत नाही, बुडाकडे जास्तीचे लाकूड आहे. कापलेली तोंडे पॉलिश पेपरने घासू नका, कडा गोल होतात आणि टेकायचे क्षेत्र कमी होते.

इथे किती जोर येतो तेही पाहून ठेवा. चढणारा १०० किलोचा आणि त्याच्या हातात २० किलो असे १२० किलो धरू. शिडी कललेली असल्याने त्यातले जवळजवळ ४२ किलोच दांड्याला आडवे दाबतात. पण शिडीच्या लांबीमुळे आणि दांड्याच्या कमी रुंदीमुळे हे ४२ किलो सांध्यापाशी मोठे होतात: सांध्यालगत उभे राहिल्यावर दोन्हीपैकी प्रत्येक बिजागरीवर सुमारे पावणेदोनशे किलोची ओढ येते. कपाटाच्या दाराची बिजागरी इथे का चालत नाही, ते यावरून कळते.

बिजागरी लांब पट्टीची घ्या: प्रत्येक पान किमान १५ सेंमी, रुंदी २५ मिमी, पत्रा ३ मिमी जाड. प्रत्येक पानाला ५ × ५० मिमीचे चार स्क्रू. पहिला स्क्रू कापलेल्या तोंडापासून चार सेंमी तरी लांब, नाहीतर लाकूड चिरते. आधी ३.५ मिमीचे भोक पाडा, भोके एका रेषेत न घेता किंचित डावी-उजवीकडे घ्या. स्क्रू एकाच रेषेत ओळीने गेले तर ती रेष फाटायला मदतच होते.

बसवताना शिडी पोटावर पालथी, सपाट जमिनीवर ठेवा. दोन्ही तुकडे लांब क्लॅम्पने किंवा दोरीला पीळ देऊन एकमेकांवर घट्ट ओढा. तोंडांमध्ये उजेड दिसता कामा नये. बिजागरीची पिन बरोबर सांध्याच्या रेघेवर ठेवा आणि मगच भोके पाडा. पुढच्या कडेला ३ मिमी फट राहिली तर काय होते याचा हिशेब करून पाहिला आहे: फट मिटेपर्यंत सांधा दोन सेंमीपेक्षा जास्त खाली बसतो. तेवढा धक्का प्रत्येक चढणीला बिजागरीच्या स्क्रूंना बसतो.

आता बंदोबस्ताची पट्टी. शिडी उचलताना किंवा उलटी धरताना सांधा पाठीकडे मिटू शकतो, म्हणून त्याला कुलूप हवे. प्रत्येक दांड्याच्या बाहेरच्या अंगाला ४० × ५ मिमीची, २० सेंमी लांब लोखंडी पट्टी, दांड्याच्या रुंदीच्या मधोमध. सांध्यापासून ८ सेंमी वर एक ८ मिमीचा बोल्ट कायमचा, ८ सेंमी खाली दुसरा, हाताने फिरवायच्या पंखनटाचा. खालचा बोल्ट काढला की पट्टी वर फिरवून दांड्यालगत ठेवता येते. खालचे भोक शिडी सरळ ठेवून, सांध्याची तोंडे पूर्ण टेकलेली आणि क्लॅम्प लावलेला असतानाच पाडा. ही पट्टी दुहेरी काम करते: सांधा उघडू देत नाही, आणि कधी बिजागरीने दगा दिलाच तर भार धरून ठेवते. हिच्याशिवाय मी कुणालाही शिडीवर चढू देणार नाही.

वरचे टोक आणि बूड

माळ्याच्या तोंडाच्या कडेला, लाकडी चौकटीच्या दोन्ही बाजूंत भोक पाडून, २५ मिमीचा जाड पोलादी पाइप आडवा बसवा. त्याचा माथा माळ्याच्या पृष्ठभागाच्या वर येऊ देऊ नका, पाय अडखळतो. चौकट वाशांना किंवा स्लॅबला पक्क्या बोल्टांनी धरलेली हवी. ४० × ५ च्या पट्टीचे दोन हुक पाइपाच्या गोलाईत वाकवून, तोंड खाली करून, दांड्यांच्या वरच्या टोकाला आतून प्रत्येकी दोन बोल्टांनी बसवा. हुकाच्या तोंडाखाली एक आडवी सरकपिन ठेवा. बुडाला कुणाचा धक्का लागला तरी हुक उसळून निघत नाही. हुक बसल्यावर दांड्यांची टोके माळ्याच्या कडेला न अडकतील अशी छाटा.

माळ्यावर, शिडीच्या बाजूला, सुमारे ९० सेंमी उंचीचा एक भक्कम हातदांडाही आत्ताच लावा. शेवटच्या पायरीवरून माळ्यावर पाय टाकताना हाताला धरायला काही नसले की माणूस छताची कड धरतो किंवा गुडघ्यावर रांगतो. लोक ही गोष्ट ‘नंतर करू’ म्हणून सोडतात आणि मग ती राहूनच जाते.

बूड सगळ्यात शेवटी कापा. पाइपाखालचा ओळंबा फरशीवर उतरवा, तिथून १०० सेंमी पुढे खूण करा. पाइपाच्या मध्यापासून त्या खुणेपर्यंत न ताणणारी दोरी लावून लांबी घ्या, डाव्या आणि उजव्या दांड्यासाठी वेगवेगळी. फरशीला उतार असेल तर इथे तो पकडला जातो. रबराच्या तळव्याची जाडी वजा करा. कापाचा कोन त्याच फर्म्याने, १० च्या बाजूने. बुडाचे पूर्ण तोंड फरशीवर टेकले पाहिजे. फक्त टाच किंवा फक्त बोट टेकत असेल तर शिडी सरकते आणि दांडा तळाशी चिरतो.

शिडी थोडीशी लांब राहिली तरी ती आपोआप जुळते असे वाटते. तसे होत नाही. लांब शिडीचे बूड पुढे जाते, कोन बदलतो, पायऱ्या पुढच्या कडेकडे चढत्या होतात आणि हुक पाइपावर तिरके बसतात. दोन-तीन मिमीच्या आत येईपर्यंत थोडेथोडे छाटा.

रंग नको

लाकडी शिडीला तेल किंवा पारदर्शक व्हार्निश द्या. रंग देऊ नका. रंगाखाली भेग दिसत नाही, आणि भेग वेळेवर दिसणे हीच लाकडी शिडीची सुरक्षितता. पायऱ्यांच्या वरच्या बाजूला व्हार्निशही नको, ती गुळगुळीत होते. तिथे खरबरीत चिकटपट्टी लावा किंवा लाकूड तेल देऊन तसेच ठेवा.

माणसाआधी वजन

पहिली चढण माणसाची नसावी. २० लिटरचे पाण्याने भरलेले कॅन प्रत्येकी जवळजवळ २० किलोचे होतात. शिडी लावा, पट्ट्या बंद करा आणि पाचव्या पायरीला दोरीने कॅन टांगत जा: तीन, मग पाच, मग सात. खाली कुणी उभे राहू नये. प्रत्येक वेळी दहा मिनिटे थांबा आणि ऐका, लाकूड करकरत असेल तर उतरवा.

सांधा खरोखर टेकतो का, याची एक सोपी परीक्षा आहे. वजन टांगण्याआधी पुढच्या कडेच्या सांध्यात कागदाची पट्टी सरकवून पाहा. आत जात असेल तर फट आहे. गेली तर ती तशीच राहू द्या, वजन टांगा आणि ओढा. कागद फाटेल पण सुटणार नाही इतका घट्ट धरला गेला पाहिजे, दोन्ही दांड्यांत सारखाच. एका बाजूला सुटत असेल तर तो दांडा काम करत नाही, सगळा भार दुसऱ्यावर आहे. बिजागरी सोडून, तुकडे पुन्हा ओढून बसवा. स्क्रूंची जुनी भोके लाकडी खुंट्या आणि गोंद घालून बुजवा, नवी शेजारी पाडा.

दांड्याच्या पाठीलगत वरपासून खालपर्यंत दोरा ताणून ठेवला तर वाकणेही मोजता येते. १२० किलोला या मापाचे दांडे मधोमध चार-पाच मिमी वाकतील, सांधा बसल्याने आणखी दोन-तीन. पंधरा मिमीच्या पुढे जात असेल तर लाकूड किंवा सांधा यांतले काहीतरी चुकले आहे. वजन काढल्यावर दोरा पुन्हा पहिल्या जागी आला पाहिजे.

मग चढा. प्रत्येक पायरीवर, कडेला नव्हे तर मधोमध, क्षणभर थांबत. उतरतानाही तोंड शिडीकडेच. सपाट पायऱ्या पाहून जिन्यासारखे पाठ करून उतरायचा मोह होतो, पण ९ सेंमीच्या पायरीवर टाच जेमतेम टेकते.

मिटवायचा क्रम ठरलेला ठेवा: सरकपिन, हुक, शिडी जमिनीवर, पंखनट, पट्ट्या वर, आणि मग पाठीला पाठ. मिटताना बोटे दांड्यांच्या मध्ये येऊ देऊ नका, सांध्याजवळ तर मुळीच नाही. एकूण वजन लाकडाप्रमाणे १४ ते १८ किलो भरते. मिटलेली शिडी भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी टांगा, लहान मुले तिला ओढणार नाहीत अशा उंचीवर.

पहिल्या महिन्यानंतर सळयांचे नट आणि बिजागरीचे स्क्रू एकदा तपासा, नवे लाकूड थोडे आक्रसतेच. नंतर वर्षातून दोनदा पुरे, एकदा हवा कोरडी असताना आणि एकदा दमट असताना. पाठीची कड बोटाने वरपासून खालपर्यंत चाचपा. रेषेत भेग लागली तर दांडा बदला. गोंद भरून किंवा वरून पट्टी ठोकून तो दांडा पुन्हा वापरात घेऊ नका.